यान बांधून झालं होतं, तरी 'सायकी' चौदा महिने का थांबलं?

विज्ञानमंडळ_सोलापूर

नमस्कार मंडळी. मी इथल्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. प्रदर्शनासाठी आमच्या मुलांनी यंदा विषय घेतलाय: लघुग्रहाकडे जाणारं यान उड्डाणाआधी कसं तयार करतात. यान गेल्यानंतरचं भरपूर वाचायला मिळतं, मुलांना त्याच्या आधीचं हवंय. त्यांनी नासाचं सायकी यान निवडलं.

थोडी माहिती देते. १६ सायकी हा लघुग्रह मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. १८५२ मध्ये नेपल्सहून आनिबाले दे गास्परिस यांनी तो शोधला. सरासरी व्यास सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि त्यात धातू भरपूर असावा असा अंदाज. यान ऑगस्ट २०२२ मध्ये उडणार होतं. एप्रिलअखेरीस ते कॅलिफोर्नियाहून विमानाने फ्लोरिडाला पोचलंसुद्धा. मग जूनमध्ये जाहीर झालं की यंदा उड्डाण नाही. शेवटी १३ ऑक्टोबर २०२३ ला उडालं. सायकीला पोचायचं साल २०२६ होतं, ते २०२९ झालं.

नववीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, यान बांधून झालं होतं ना? मग तयार नव्हतं ते काय?" तिला नीट उत्तर द्यायचंय. आणि याला चूक म्हणायचं की योग्य निर्णय, हेही तुमच्याकडून ऐकायचंय.

कंबरतलाव

सॉफ्टवेअर तयार नव्हतं. एवढंच.

जुळेसोलापूर

@कंबरतलाव, एवढंच नाही ओ ते. मी पुण्यात गाड्यांच्या कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो, म्हणून ती बातमी तेव्हा बारकाईने वाचली होती. सॉफ्टवेअर होतं. ते नीट चालेल याची खात्री करून झाली नव्हती.

यानाचं सॉफ्टवेअर तपासायला जमिनीवर टेस्टबेड उभा करतात. त्यात यानावर असतो तसाच कॉम्प्युटर असतो. त्याला सूर्य कुठे आहे, तारे कुठे दिसतायत, थ्रस्टर किती जोराने ढकलतोय हे सगळं सिम्युलेटर आकड्यांतून सांगतो. कॉम्प्युटर अवकाशात असल्यासारखा वागायला लागतो. मग मुद्दाम बिघाड घालायचे. ताऱ्यांवरून दिशा ओळखणारा कॅमेरा बंद करा, दिशा वळवणारं एक चाक अडकवा, आणि यान स्वतःला सावरतंय का बघा. असे शेकडो प्रसंग चालवावे लागतात.

सायकीचं फ्लाइट सॉफ्टवेअर आणि ही तपासणीची सामग्री, दोन्ही उशिरा हातात आली. वर सॉफ्टवेअर आणि सिम्युलेटर यांचा मेळ बसेना. तो प्रश्न सुटला, पण तोवर उड्डाणाआधी पूर्ण तपासणी करायला वेळच उरला नव्हता. तुमच्या विद्यार्थिनीला सांगा, यान तयार होतं, त्याच्याबद्दलची खात्री तयार नव्हती.

बाळीवेस

मग उडवून टाकायचं की बे, आणि सॉफ्टवेअर वाटेत पाठवायचं! मोबाइलला रोज अपडेट येतंय. सात-आठशे कोटींचं काम अडवून धरायचं म्हणजे काय?

जुळेसोलापूर

@बाळीवेस, वाटेत सॉफ्टवेअर पाठवता येतं आणि पाठवतातही. तुझा प्रश्न बरोबर आहे, उत्तर पहिल्या तासांत आहे.

सायकी रॉकेटपासून सुटलं ते उड्डाणानंतर साधारण तासाभराने. सुटताना यान थोडंफार फिरत असतं. ते फिरणं थांबवायचं, सूर्य शोधायचा, सौरपंख उघडायचे, त्यांच्यावर ऊन पडेल असं वळायचं, मग पृथ्वीशी बोलायचं. हे सगळं बॅटरी संपायच्या आत, माणसाच्या मदतीशिवाय. यात गडबड झाली तर नवं सॉफ्टवेअर पाठवणार कुणाला? ते घ्यायला यान जागं हवं आणि त्याची अँटेना आपल्याकडे वळलेली हवी. दोन वर्षांनी लागणारं फोटो काढायचं सॉफ्टवेअर अर्धवट असलं तर चालेल. दिशा सांभाळणारं अर्धवट असून चालत नाही.

आणि सात-आठशे कोटी नाहीत. रॉकेट धरून अंदाज ९८५ दशलक्ष डॉलरचा होता, त्यातले ७१७ दशलक्ष तोवर खर्च झाले होते.

बाळीवेस

आता कळलं. डॉलरचं गणित तर लईच झालं.

टेरीटॉवेल

आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. जुळेसोलापूर यांचं वाचून आमच्या कामातलं एक डोळ्यासमोर आलं. बीमवर, म्हणजे मागाच्या रुळावर, ताण्याचे उभे धागे भरताना एक धागा चुकीच्या रंगाचा गेला की बीम संपेपर्यंत प्रत्येक टॉवेलवर ती रेघ येते. फरक इतकाच की आम्ही माग थांबवून धागा बदलू शकतो.

पण मला लिहायचंय ते कापडाबद्दल. मॅडम, यान जिथे बांधतात त्या क्लीन रूमचे फोटो तुमच्या मुलांनी पाहिले असतील. पांढरे झगे, टोपी, तोंडावर पट्टी. लोकांना वाटतं यानापासून माणसांना वाचवायचंय. उलट आहे ते, माणसापासून यानाला वाचवायचं असतं. आपली कातडी, केस, कपड्याचं तूस सतत झडत असतं. सुती कापड तर तिथे दारातच नको. आमच्या शेडमध्ये संध्याकाळी दिव्याखाली उभं राहून बघा, हवेत किती तूस असतं ते. ते झगे पॉलिस्टरच्या सलग फिलामेंटचे असतात. कातलेल्या सुतात आखूड तंतू एकमेकांत पिळलेले असतात, ते सुटतात. फिलामेंटमध्ये तंतू अखंड असतो, सुटायला टोकच नाही. शिवाय त्या कापडात ठरावीक अंतरावर कार्बनचे धागे विणलेले असतात, अंगावरची स्थिर वीज वाहून जावी म्हणून. नाहीतर बोट लागताच एखादा इलेक्ट्रॉनिक भाग जायचा.

आता खरी गंमत ऐका. २०१६ मध्ये बेन्नू लघुग्रहाकडे गेलेलं ओसायरिस-रेक्स यान माती घेऊन परत येणार होतं. तिथे नायलॉनवर बंदी होती. नायलॉनचे हातमोजे, पिशव्या सगळ्याला. कारण नायलॉन-६ विघटन पावला की त्यातून एक अमिनो आम्ल निघतं. आणि हे लोक बेन्नूवर अमिनो आम्लंच शोधायला निघालेले! नमुन्यात सापडलेलं आम्ल आकाशातलं की पिशवीतलं, असा वाद नको म्हणून उड्डाणाच्या कितीतरी आधीपासून ही काळजी. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये युटाच्या वाळवंटात १२१.६ ग्रॅम माती उतरली आणि पुढे तिच्यात प्रथिनांमधल्या २० पैकी १४ अमिनो आम्लं सापडली. ती बातमी वाचून मला फार आनंद झाला होता. त्या निष्कर्षावर विश्वास ठेवता येतो, त्यात त्या पिशव्या निवडणाऱ्या माणसाचा वाटा आहे.

शेंगाचटणी

म्हणजे यानाला सोलापुरी चादर पांघरायची आपली संधी हुकली म्हणा की!

टेरीटॉवेल

@शेंगाचटणी, सुती चादर नाही चालणार, पण पांघरूण असतंच. ते सोनेरी-चंदेरी चमकतं ना, ते मायलार आणि कॅप्टन या प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मचं असतं, ज्यावर अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेला असतो. कॅप्टन म्हणजे जहाजाचा नव्हे, एका पिवळसर प्लॅस्टिकचं नाव. असे दहा-वीस थर एकावर एक. दोन थर एकमेकांना चिकटले तर उष्णता पलीकडे जाते, म्हणून मध्ये पॉलिस्टरची बारीक जाळी घालतात. थरांना बारीक भोकंही पाडतात, कारण रॉकेट वर जाताना आतली हवा पटकन बाहेर पडली पाहिजे, नाहीतर पांघरूण फुगून फाटेल. आणि हे माणसं बसून कापतात, शिवणयंत्रावर शिवतात, प्रत्येक कोपऱ्याला मापून. टेलरिंग आहे ते अक्षरशः.

शेंगाचटणी

हे माहीत नव्हतं. आमच्या आईला दाखवतो, ती आयुष्यभर शिलाईकाम करत आली. खूश होईल.

दोनदिवसाआड

सगळं छान आहे. पण आमच्या भागात नळाला पाणी चार-चार दिवसांआड येतंय आणि आपण दगडाच्या मागे शंभर अब्ज डॉलर घालणाऱ्यांचं कौतुक करतोय. मुलांना हे शिकवून काय मिळणार?

विज्ञानमंडळ_सोलापूर

@दोनदिवसाआड, पाण्याचा प्रश्न आमच्या शाळेतही आहे, मुलं घरून बाटल्या आणतात. तुमचा राग मी समजू शकते. पण ही मुलं मोजायला, तपासायला, 'खात्री कशी केली' असं विचारायला शिकली, तर पाण्याच्या बाबतीतही तेच विचारतील अशी मला आशा आहे.

माळीनगर

@दोनदिवसाआड, शंभर अब्ज नाही, वर आकडा दिलाय. आणि दगड म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याच राज्यात लोणारचं विवर आहे, काळ्या कातळात सुमारे १.८ किलोमीटर रुंद. बाहेरून आलेल्या दगडाचंच काम ते. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये डार्ट यानाने डायमॉर्फस नावाच्या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहाला धडक दिली आणि त्याची मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीची प्रदक्षिणा साधारण अर्ध्या तासाने कमी झाली. म्हणजे धोका ओळखला तर ढकलता येतो, एवढं तरी कळलं. एप्रिल २०२९ मध्ये अपोफिस नावाचा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे. धडकणार नाही. पण असे जवळून जाणारे दगड माहीत असलेले बरे.

रेणिगुंटा_मार्गे

तयारीवर चर्चा चालली आहे तर श्रीहरिकोट्याचं सांगतो. आम्ही पूर्वभागातले, घरात तेलुगू, त्यामुळे आंध्रात नातेवाईक भरपूर. सोलापूर मुंबई-चेन्नई लाइनवर असल्यामुळे रेणिगुंट्याला उतरायचं आणि पुढे सुलुरुपेटा गाठायचं, प्रवास सोपा आहे. जुलै २०१९ मध्ये चांद्रयान-२ बघायला गेलो. मध्यरात्रीनंतरची वेळ, लहान मुलं कडेवर, सगळ्यांच्या हातात झेंडे. आणि उलटी गिनती ५६ मिनिटं २४ सेकंदांवर थांबली. तांत्रिक अडचण. लोक बराच वेळ हललेच नाहीत, पुन्हा सुरू होईल म्हणून.

तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटतं, एवढ्या लोकांसमोर, सगळा देश बघत असताना 'थांबा' म्हणणाऱ्याला किती धैर्य लागलं असेल. २२ जुलैला ते उडालं. तेव्हा मी दुकानात होतो, गिऱ्हाईकाला थांबवून मोबाइलवर बघितलं.

विजापूरनाका

@रेणिगुंटा_मार्गे, सुंदर लिहिलंत अण्णा. मंगळयानाचंही असंच. २८ ऑक्टोबर २०१३ ठरलं होतं, ते ५ नोव्हेंबरवर गेलं. यान ठीक, रॉकेट ठीक. पण रॉकेटचा शेवटचा टप्पा दक्षिण प्रशांत महासागरावर पेटणार होता, तिथे संदेश पकडायला दोन जहाजं पाठवली होती, आणि खराब हवामानामुळे त्यातलं एक, 'नालंदा', वेळेत जागेवर पोचलं नव्हतं. म्हणजे तयारी फक्त श्रीहरिकोट्यात नसते, फिजीच्या बाजूला समुद्रातही असते.

माळीनगर

ओसायरिस-रेक्सचं अजून एक. उड्डाण ८ सप्टेंबर २०१६. त्याच्या एक आठवडा आधी शेजारच्या पॅडवर फाल्कन-९ चा इंधन भरताना स्फोट झाला. अंतर दोन किलोमीटरही नाही. यान आपल्या इमारतीत सुखरूप राहिलं आणि ठरल्या दिवशी उडालं. त्या आठवड्यात त्या टीमला झोप लागली असेल का!

कंबरतलाव

मूळ प्रश्नाकडे येऊ. जूनमध्ये नाही म्हणाले, मग डिसेंबरपर्यंत तपासून का नाही उडवलं? थेट पुढचा ऑक्टोबर का?

कुर्डुवाडी_जंक्शन

@कंबरतलाव, ते लोकांच्या हातात नाही, ग्रहांच्या हातात आहे. २०२२ ची संधी ११ ऑक्टोबरला संपत होती. मूळ बेत असा: ऑगस्ट २०२२ ला निघायचं, मे २०२३ ला मंगळाजवळून जाऊन त्याच्या गुरुत्वाचा जोर घ्यायचा, २०२६ च्या सुरुवातीला सायकीला पोचायचं. ती वेळ गेली की पृथ्वी, मंगळ आणि सायकी पुन्हा सोयीच्या जागी येईपर्यंत थांबावं लागतं. पुढच्या संधी २०२३ आणि २०२४ ला होत्या, त्यातून पोचणं अनुक्रमे २०२९ आणि २०३० ला. २०२३ ची घेतली, आणि मंगळाची भेट मे २०२६ वर गेली. म्हणून चौदा महिन्यांच्या उशिराची किंमत साडेतीन वर्षं झाली.

मुलांसाठी एक करता येईल. मोठ्या पुठ्ठ्यावर तीन कक्षा काढा, तीन मणी वेगवेगळ्या वेगाने सरकवा आणि सोयीची रचना पुन्हा कधी येते ते त्यांनाच शोधू द्या. वर्गात हे शिकवताना सूत्रापेक्षा मणीच कामाला येतात.

होटगीरोड_एक

सगळे 'थांबले ते बरं' म्हणतायत. मला ते पूर्ण पटत नाही. या उशिरात एक मोहीम मेली, तिच्याबद्दल कुणी लिहिलं नाही. जॅनस नावाची दोन छोटी यानं सायकीबरोबर त्याच रॉकेटवर जाणार होती, जोडीने फिरणाऱ्या लघुग्रहांकडे. उड्डाण २०२३ ला गेलं आणि त्या नव्या तारखेवरून त्यांना आपल्या लघुग्रहांपर्यंत पोचताच येईना. जुलै २०२३ मध्ये काम थांबवलं, यानं साठवणीत ठेवली. त्या टीमने काही चूक केली नव्हती.

शिवाय चौकशी समितीचा अहवाल आला, त्यात काय निघालं? अनुभवी माणसं कमी, महत्त्वाच्या जागा रिकाम्या, कोविडमुळे घरून काम आणि येता-जाता होणारं बोलणं बंद. एकाच संस्थेने एकाच वेळी जास्त कामं अंगावर घेतलेली. त्यानंतर शुक्राकडे जाणारी व्हेरिटास मोहीमसुद्धा पुढे ढकलली, माणसं मोकळी करायला. मॅडम, मुलांना 'सावधगिरी' म्हणून गोड गोष्ट सांगू नका. जूनचा निर्णय योग्य होता. पण तो घ्यायची वेळ आली, ती वर्षभर आधीच्या दुर्लक्षामुळे.

विजापूरनाका

@होटगीरोड_एक यांच्याशी सहमत. मी साखर कारखान्यात देखभाल विभागात नोकरी केली. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी बॉयलरपाशी काम करणाऱ्या माणसाला काय कमी आहे ते माहीत असतं. ते बैठकीच्या खोलीपर्यंत पोचायला मधे चार माणसं असतात, आणि प्रत्येक जण थोडं सौम्य करून सांगतो. सायकीच्या अहवालातलं 'बोलणं बंद' वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. पण एक चांगलं म्हणायला हवं: अहवाल जाहीर केला, आणि पुढच्या वर्षी माणसं वाढवून काम रुळावर आणलं.

जुळेसोलापूर

@होटगीरोड_एक, जॅनसचा मुद्दा बरोबर, माझ्याकडून राहिलाच असता. पण 'गोड गोष्ट' म्हणताना एक लक्षात घ्या, नीट तपासूनही अपघात होतात. लघुग्रहांकडेच निघालेलं लुसी यान १६ ऑक्टोबर २०२१ ला, म्हणजे उड्डाणाला सोयीच्या काळाच्या पहिल्याच दिवशी उडालं. त्याचे दोन गोल सौरपंख प्रत्येकी सात मीटरपेक्षा मोठे, पंख्यासारखे उघडणारे. एक उघडून घट्ट बसला, दुसरा शेवटी जरा आधीच थांबला. जमिनीवर ते उघडून पाहिले होते. पण इथे गुरुत्व असतं. पंखाचं वजन वरून उचलून धरावं लागतं, आणि अवकाशातली परिस्थिती तंतोतंत उभी करता येत नाही. लुसी तरीही व्यवस्थित काम करतंय. नोव्हेंबर २०२३ मध्ये डिंकिनेश लघुग्रह पाहिला, त्याला चंद्र निघाला. एप्रिल २०२५ मध्ये डोनाल्डजोहान्सन पाहिला.

मिळालेल्या जास्तीच्या वेळात सायकीचं काय झालं तेही बघा. यान फ्लोरिडातच ठेवलं. २०२३ च्या जुलैत पंख बसवले, ऑगस्टमध्ये सात टाक्यांमध्ये १,०८५ किलो झेनॉन वायू, म्हणजे इंजिनांचं इंधन, भरला. सप्टेंबरअखेरीस लक्षात आलं की दिशा सांभाळणारे नायट्रोजनचे छोटे थ्रस्टर अंदाजापेक्षा गरम होतील. मग त्यांची आकडेवारी बदलून पुन्हा तपासली आणि उड्डाण ५ ऑक्टोबरवरून १२ वर नेलं. १२ ला हवामान आडवं आलं, १३ ला उडालं. शेवटच्या आठवड्यातसुद्धा कुणीतरी आकडे तपासत होतं.

बाळीवेस

आणि वर गेल्यावर सगळं ठीक?

जुळेसोलापूर

एप्रिल २०२५ मध्ये झेनॉनच्या नळीतला दाब घसरला. इंजिनं थांबली. एका झडपेत अडचण होती. पण यान बांधतानाच दुसरी नळी ठेवली होती. मेअखेरीस तिच्यावर वळवलं, जूनमध्ये इंजिनं पुन्हा सुरू. ती दुसरी नळी कुणाच्या तरी कागदावर काही वर्षांपूर्वी वजन वाढवणारी, खर्च वाढवणारी गोष्ट म्हणून आली असणार. कुणीतरी ती राहू द्यायचा आग्रह धरला.

टेरीटॉवेल

मॅडम, ही नळी प्रदर्शनात घ्याच. सलाइनच्या नळ्या आणि दोन क्लिप, रंगीत पाणी. एक बंद केली की दुसरी चालू. बघणाऱ्याला अर्ध्या मिनिटात कळेल.

विज्ञानमंडळ_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मुलांशी बोलून असं ठरवलंय: एका टेबलावर पांघरुणाचे थर, हात लावून बघता येतील असे. दुसऱ्यावर तीन मण्यांच्या कक्षा. तिसऱ्यावर टेरीटॉवेल काका म्हणतात तशा नळ्या. आणि जुळेसोलापूर यांना विनंती, बिघाड घालून बघता येईल असा छोटा टेस्टबेड शाळेच्या लॅपटॉपवर करता येईल का? मुलांना थोडं पायथॉन येतं.

होटगीरोड_एक, तुमचं म्हणणं मुलांपुढे वाचून दाखवलं. त्यावर वर्गात तास संपेपर्यंत वाद झाला. निम्मी मुलं तुमच्या बाजूने आहेत. फलकावर दोन्ही लिहायचं ठरलंय: थांबायचा निर्णय बरोबर, आणि थांबावं लागलं ते टाळता आलं असतं. ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला तिला जॅनसचा वेगळा फलक करायचाय. ती यानं किती मोठी होती?

जुळेसोलापूर

टेस्टबेड करतो. दिवाळीला सोलापुरात आहे, मुलांबरोबर बसूनच लिहू, म्हणजे बिघाड तेच सुचवतील. व्यक्तिगत निरोप केलाय.

टेरीटॉवेल

पॉलिस्टरची जाळी माझ्याकडे पडून आहे, हवी तेवढी न्या. चंदेरी मायलार गिफ्ट पॅकिंगच्या दुकानात मिळेल. कातरताना एकच सांगा मुलांना, थर ताणून शिवायचे नाहीत.

होटगीरोड_एक

मॅडम, वाद घातल्याबद्दल मुलांना माझ्याकडून शाबासकी. जॅनसची यानं लहान होती, प्रवासी बॅगेएवढी, प्रत्येकी ३६ किलोच्या आसपास. जायचं होतं १९९६ एफजी३ आणि १९९१ व्हीएच या दोन जोड-लघुग्रहांकडे. मुलीला म्हणावं, खऱ्या मापाची दोन खोकी कर आणि त्यांच्यावर ही दोन नावं लिही. खोक्यांचा पुठ्ठा मी पोचवतो.